एफीच्या गिऱ्हाइकांतले दोन जेम्स

आमच्या पोर्टलॅरी बंदरात नवा माणूस उतरला आणि "चार घास बरे कुठे मिळतील?" असं त्यानं विचारलं, की आम्ही डोळे झाकून सांगायचो, एफीच्या खानावळीत जा. वरच्या हॉटेलात टेबलावर पांढरंशुभ्र कापड असायचं, पण ताटात जेवण शोधावं लागायचं. तळलेल्या माशांचं दुकान उघडायचं संध्याकाळी. एफीची शेगडी मात्र पहाटे पाचला पेटायची. बोटी कधीही येतात, आणि भूक काही घड्याळ बघून लागत नाही.

मी तिच्याकडे एकोणीस वर्षं बटाटे सोलले, म्हणून हे सगळं मला माहीत.

एफी पंधराव्या वर्षी हेरिंग मासे साफ करायला उभी राहिली होती, मिठाच्या पिंपाशी, बोटांना चिंध्या गुंडाळून. शाळा तिची माझ्याइतकीच, म्हणजे नावापुरती. पण कोण काय खातो, हे तिच्या डोक्यात कोरलेलं. याला सुपातला कांदा नको, त्याला बटाटा कुस्करून हवा, अमक्याचा डावीकडचा दात दुखतो म्हणून त्याच्या पावाची कड काढायची. माणसाचं नाव विसरेल, त्याचं ताट विसरणार नाही.

आणि नाव लक्षात ठेवून उपयोग तरी काय? निम्मं गाव फ्लेट आडनावाचं. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, म्हणून त्यांतले निम्मे पुरुष जेम्स. सगळा कारभार टोपणनावांवर चालायचा. खरं नाव निघायचं ते लग्नात, नाहीतर थडग्यावर. एफीचा नवरा जेम्स फ्लेट, त्याला म्हणायचे शावी. त्याचा चुलतभाऊ जेम्स फ्लेट, तो डम्पी. दोघं एकाच वयाचे, एकाच बोटीवर, 'ब्राइट होप'वर. डम्पीची बायको रोबिना रोज सकाळी विणकाम घेऊन एफीकडे चहाला यायची. एफीशी चार शब्द भांडल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दोन दिवस वारा पिसाळलेला होता. सकाळचे साडेआठ वाजले असतील. बंदराच्या कचेरीतला वॅटी आत आला, टोपी हातात घेऊन. आमच्याकडे कुणी टोपी हातात घेऊन दारात उभं राहिलं, की बायका आधी टेकायला जागा शोधतात.

"'ब्राइट होप'वर काल संध्याकाळी अपघात झाला," वॅटी म्हणाला. "लोखंडी आकडा सुटून डोक्यात बसला. हेलिकॉप्टरनं उचलून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलंय."

"कुणाला?" एफीनं विचारलं.

वॅटीनं हातातल्या कागदाकडे बघितलं. "जेम्स फ्लेट."

"कुठला जेम्स फ्लेट, मेल्या?" रोबिना उठून उभी राहिली. लोकरीचा गुंडा टेबलाखाली घरंगळत गेला, तो कुणी उचलला नाही.

"एवढंच लिहिलंय गं. त्यांचा रेडिओ बंद पडलाय. निरोप दुसऱ्या बोटीनं पोचवला, परक्या गावच्या. त्यांना काय ठाऊक शावी कोण नि डम्पी कोण. 'ब्राइट होप' परत निघालीय, पण संध्याकाळशिवाय पोचत नाही."

दोघी एकमेकींकडे बघेनात. जेवायला बसलेल्या माणसांनी चमचे खाली ठेवले. उतू चाललेलं दूध मीच उतरवलं.

"फोन कर," रोबिना म्हणाली. "तूच बोल. माझी जीभ लुळी पडलीय."

फोन काउंटरवरच होता. एफीनं दोनदा चुकीचा नंबर फिरवला. लागला तेव्हा नर्सबाई एवढ्या खड्या आवाजाच्या, की मला शेजारी उभं राहून सगळं ऐकू येत होतं.

"हो, जेम्स फ्लेट आहेत इथे. तुम्ही त्यांच्या पत्नी का?"

"तेच तर कळायचंय," एफी म्हणाली.

मग एफीनं समजावून सांगितलं. बाई बिचारी चांगली होती. म्हणाली, डोक्याला सगळं बँडेज आहे, रात्री ऑपरेशन झालं, अजून धोका टळलेला नाही. नाव विचारलं की जेम्स म्हणतात, पुढे सगळी बरळ.

"डोळे कसे आहेत?"

"निळे."

"इथे कुत्र्यांचेही निळेच असतात, बाई. अंगावर स्वेटर कुठल्या विणीचा होता?"

"तो कापून काढला. आम्हाला मिळायच्या आधीच फेकला गेला."

"बोटात अंगठी..." एफी बोलता बोलता थांबली. आमचे पुरुष अंगठी घालत नाहीत. दोरात अडकली तर बोटासकट जाते.

"विचार, उंच आहे का," मागून वॅटी म्हणाला.

"झोपलेल्या माणसाची उंची काय विचारतोस, टोणग्या!" रोबिना खेकसली, आणि तिचा आवाज मधेच फाटला.

एफीचे ओठ हलत होते. ती काय मागत होती मला माहीत होतं, आणि रोबिनाही तेच मागत होती. दोघींचं मागणं एकदम पुरं होणार नव्हतं.

मग एफीनं तिला येत होतं ते विचारलं. "त्यानं काही खाल्लं का?"

"नाही हो. तासाभरापूर्वी दोन चमचे ओटची लापशी भरवायला गेले, तर तोंड फिरवलं. रागावलेच. वरून दूध घातलं होतं ना मी. दूध वेगळं, दूध वेगळं, असं काहीतरी म्हणत होते."

आमच्यातली जुनी माणसं तशी खातात. लापशी गरम, दूध दुसऱ्या भांड्यात गार, आणि चमचा आधी लापशीत मग दुधात. एफीच्या गिऱ्हाइकांत तशी खाणारी तेव्हा तिघंच उरली होती. दोन म्हातारे समोरच्या टेबलावर बसले होते. शावी तर दूध वरून ओतायचा, आणि साखरही घालायचा, एफीची पाठ वळली की.

एफीनं श्वास सोडला. खांदे उतरले, चेहऱ्यावर रक्त परत आलं. किती वेळ? डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा. तिनं लगेच आवरलं, पण तोपर्यंत रोबिनानं बघितलं होतं.

"माझा आहे," रोबिना म्हणाली.

"रोबिना, अगं..."

"सांगू नकोस. तुझ्या तोंडावरनं वाचलं मी."

एफीनं फोन माझ्या हातात दिला, मीच नर्सबाईला म्हटलं, दूध वेगळं द्या, चमच्यानं. एफीनं एप्रन सोडला. नऊ वाजून पाचची बस होती.

"तू नको येऊस," रोबिना दारातून म्हणाली. "तुझा येईल संध्याकाळी. त्याला बघ."

"येऊ दे की. घर ठाऊक आहे त्याला."

"मला तुझी दया नकोय."

"दया कसली? शहरात तुला रस्ता तरी सापडतो का? गेल्या खेपेला बाजारात हरवली होतीस." एफीनं दार उघडून धरलं.

गेल्या दोघी. बस चढावरून वळेपर्यंत मी बघत होते. एकाच बाकावर बसल्या होत्या. रोबिनाचं तोंड खिडकीकडे.

संध्याकाळी 'ब्राइट होप' आली. धक्क्यावर एफी नाही असं पहिल्यांदाच घडलं. शावीचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला सूप वाढलं, ते त्यानं तसंच ठेवलं. "डम्पी?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "आहे अजून."

डम्पी नऊ आठवड्यांनी घरी आला, एका कानानं ठार बहिरा होऊन. रोबिना पुन्हा रोज चहाला येऊ लागली, भांडूही लागली. पण ती बसायची ते काउंटरकडे पाठ करून, एफीचं तोंड दिसणार नाही अशी. वर्षभर तशीच. एफीनं तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही. तिचा चहा मात्र ती माझ्या हातून पाठवायची.