लोरेनची बोटं

"बोटं दाखव," पाहुणा म्हणाला. लोरेननं हात पुढे केला. त्यानं तिची बोटं धरून अख्ख्या वर्गाला दाखवली. बाजारात बैलाचे दात दाखवतात तशी.

"तुझी आई गालिचे विणते ना? मग आमच्या फॅक्टरीत असेंब्ली लाइनवर ये. चिप जोडायला अशीच बोटं लागतात. तुमच्या रक्तातच आहे हे."

लोरेन नवाहो, तिथल्या मूळ अमेरिकन जमातीतली. गणितात पहिली. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. ॲरिझोनातल्या त्या निवासी शाळेत मी गणित शिकवायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हा पाहुणा जवळच्या चँडलर शहरातल्या चिप फॅक्टरीचा इंजिनिअर, मूळचा पुण्याचा. शाळा संपल्यावर काय करायचं, हे मुलांना सांगायला प्रिन्सिपॉलनं बोलावलेला.

हे मी आधी ऐकलेलं. चौथीत स्कॉलरशिपच्या वर्गात जाऊन बसले, तेव्हा मास्तर हसून म्हणाले होते, "तुझ्या आईचा हात झाडूवर किती छान फिरतो! तू तेच शीक." थू असल्या कौतुकावर.

तास संपला. तो मराठीत गोड बोलू लागला. "नागपूरच्या का तुम्ही? आडनाव काय?"

सांगितलं.

"अच्छा. मग इथं तुम्हाला ॲट होम वाटत असेल. सेम टाइपचे लोक."

शिसारी आली. सात समुद्र ओलांडून आला, पण घाण घेऊनच आला. तरी मी फळा पुसत राहिले. गप्प बसायची सवयच लावलेली आम्हाला.

लोरेन टेबलापाशी आली. मान खाली. "मिस, मी लाइनवरच जाते. ते सांगतात ते खरंच असेल. ते तुमच्याच देशातले. तुमचेच ना?"

तेव्हा डोकं फिरलं. तो अजून दारातच होता. त्याला नीट ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं, इंग्रजीत बोलले. "नाही. हा माझा माणूस नाही. याच्यासारख्यांनी माझ्या आईला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. रक्तात काही नसतं, लोरेन. हे बोलणाऱ्यांच्या डोक्यात असतं."

"पॉलिटिक्स कशाला आणता, मॅडम?" तो पुटपुटला आणि सटकला.

संध्याकाळी प्रिन्सिपॉलनं बोलावलं. "सॉरी म्हणा. ते शाळेला कॉम्प्युटर देणार आहेत."

"म्हणणार नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

कॉलेजला जायला लोरेन अजून हो म्हणाली नव्हती. कदाचित म्हणणारही नव्हती. पण शनिवारी कॉलेजची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्या होस्टेलच्या दारात मी गाडी उभी करणारच होते. यापुढे मध्ये कुणीही येवो, माझ्या देशाचा नाहीतर माझ्या भाषेचा, त्याला मी आडवा करणार होते.