परत जाण्याचा हक्क, शनिवारी चार वाजता

आमच्या शनिवारच्या बैठकीत निकाल कधीच लागत नाही, किस्से तेवढे रद्दीसारखे साठत जातात. खंडेराव गेटजवळ माझ्या ओसरीवर आम्ही चौघं म्हातारी माणसं पेपर वाचतो आणि भांडतो. शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली. बाकी सगळं पेपर वाचून शिकले, म्हणून माझ्याशी लोक जपून वाद घालतात. वर्षभर विषय एकच: पॅलेस्टिनी निर्वासितांना घरी परत जाऊ द्यावं, की भरपाई देऊन मिटवावं? कंटाळा आला. पण विषय सुटत नाही.

*

दामले रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. त्यांचं मत ठाम. "भरपाई घ्या, पुढे चला. इतक्या वर्षांनी कोण घर मागतं?"

हेच दामले क्वार्टर सोडून वीस वर्षं झाली तरी दर उन्हाळ्यात तिथे जातात. कशाला? तर स्वतः लावलेल्या लिंबाला पाणी मिळतंय का बघायला. नव्या बिऱ्हाडाने झाड छाटलं, तेव्हा दोन दिवस धड जेवले नाहीत.

मी म्हटलं, "दामले, क्वार्टर सरकारी होतं."

"क्वार्टर सरकारी. लिंबू माझं!"

*

मी परत जाऊ द्या म्हणणारी, म्हणून एकदा दामल्यांनी मला अडवायला विचारलं, बगदादहून निघावं लागलेल्या ज्यूंच्या घरांचं काय? मी म्हटलं, तीही यादीत घाला, मी कुठे नको म्हणतेय. हिरमुसले बिचारे. त्यांना भांडण हवं होतं.

*

जोशीबाईंचं घराणं पेशव्यांच्या वेळी पूजेअर्चेसाठी इकडे उत्तरेत आलं. त्या म्हणतात, नातवंडांना कसला हक्क, त्यांनी ते गाव पाहिलंय तरी का? आणि स्वतःला कुणी विचारलं की "आम्ही वाईचे". वाई त्यांनी आयुष्यात एकदा पाहिली. बस बिघडली होती म्हणून.

*

चौथ्या कमलाजी, सिंधी. चार वर्षांच्या असताना फाळणीत सक्करहून आल्या. पाकिस्तानात गेलेल्या एका कुटुंबाचं घर सरकारने त्यांच्या वडिलांना दिलं, आजही त्या तिथेच राहतात. आमच्या वादात कधी बोलत नसत. मग त्यांना कॅनडाहून फोन आला. त्या कुटुंबातली मुलगी, आता ऐंशीच्या पुढची, एकदा घर बघायचं म्हणत होती.

कमलाजींनी आम्हाला विचारलं, "दरवाज़ा खोलूँ कि नहीं? घर गया तो इस उमर में मैं कहाँ जाऊँगी?"

वर्षभर दुसऱ्यांच्या घरांचे निकाल देणारे आम्ही! सगळे पेपरात डोकं खुपसून बसलो. शेवटी दामल्यांनी एक कागद लिहून दिला: फक्त बघायला आले, माझा काही दावा नाही. आधी सही घ्या, मग चहा, म्हणाले. मी त्यांना नको ते बोलले. कमलाजींनी मात्र कागद ठेवून घेतला.

*

ती बाई नातीला घेऊन आली. कमलाजींनी सोबतीला मला बसवलं होतं. सही आधी मागायचा धीर काही झाला नाही, चहाच आधी झाला. मग कमलाजींनी कागद उघडला. तेवढ्यात ती बाई उठली, आपली कपबशी उचलली आणि कुणाला न विचारता सरळ स्वयंपाकघराच्या डाव्या कोपऱ्यात गेली. तिथे पूर्वी भांडी घासायची मोरी होती. आता फ्रिज आहे. हातात कपबशी घेऊन ती फ्रिजसमोर उभी राहिली.

कमलाजी तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "बहू, फ्रिज हटाओ."