चार चित्रांचा दिवस

आमच्या घरात भरदुपारी काळोख असायचा. खिडकीवर आई गोणपाट ठोकायची. त्याच्या विणीतून उन्हाचे बारीक कण आत झिरपायचे, रॉकेलचा आणि ओल्या भिंतीचा वास कोंडून राहायचा, आणि त्या मांडलेल्या रात्रीत वडील झोपलेले असायचे. गुजरातेतल्या लिंबायत वस्तीतली ती एक खोली. वडील रातपाळीला, काका दिवसपाळीला, दोघांत गादी एकच; ती कधी थंड झालेली मला आठवत नाही. आम्ही पोरं खुणांनी बोलायचो, भांडणंसुद्धा मुक्यानेच लढायचो. हातून भांडं पडलं तर आई आधी वडिलांच्या पापण्यांकडे बघायची. बाहेर कापड विणणाऱ्या लूमांचा अखंड खडखडाट. त्याने त्यांची झोप मोडत नसे, आमच्या चमच्याने मात्र मोडायची. देहाला कशाची सवय होईल, कोण सांगावं!

दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी यायची, तिच्यावर पुस्तक सरकवत सरकवत मी वाचायला शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, शिक्षिका होण्यासाठी पीटीसी केली, आणि नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्याच वस्तीतल्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गापुढे उभी राहिले. याचा मला अभिमान आहे, आणि तो झाकून ठेवायचं काही कारण मला दिसत नाही.

वर्गातली बहुतेक पोरं खानदेशची. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, आणि पुस्तकात एक तिसरीच, इस्त्री केलेली मराठी. गोष्ट सांग म्हटलं की गप्प. नाहीतर शेवट आधी आणि सुरुवात कुठेतरी मध्येच. तेव्हा मी चित्रांची पुस्तकं हाताशी धरली. एका पुस्तकाच्या दोन प्रती घ्यायच्या, एक अखंड ठेवायची, दुसरीची पानं सुटी करून साडीच्या घडीत घालतात त्या पुठ्ठ्यांवर खळीने चिकटवायची. भिंतीशी सुतळी ताणायची आणि पोरांनी ती चित्रं क्रमाने चिमट्यांनी टांगायची. मग बोट ठेवत सांगायचं. आधी काय? मग काय? अन् शेवटी?

खेळ वाटतो ना? मलाही सुरुवातीला तसाच वाटला होता. पण क्रम लावणं म्हणजे काय, याचा तुम्ही कधी विचार केलात? ज्याला आपल्या दिवसाचा आदि आणि अंत सांगता येतो, त्याला आपलं दुःखही सांगता येतं. आणि ज्याला सांगता येत नाही, त्याची कहाणी दुसरेच कुणी सांगतात, स्वतःच्या सोयीने. आमच्या गल्लीतली किती माणसं मुकादमापुढे नुसती हात हलवत उभी राहायची! शब्द होते त्यांच्यापाशी. कुठून सुरू करावं, तेच सुचायचं नाही.

वैशाली ही माझ्या वर्गातली सगळ्यांत अबोल मुलगी. तिची आई घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. वार्षिक परीक्षेच्या आधी ती फाटकापाशी आली आणि सरळ म्हणाली, "बेन, पोर पास व्हयनी तं ठीक. नई तं घर बसाडसू. धागा कापाले दोन हात व्हतीन." त्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. थकलेल्याची कशी काढायची?

तोंडी परीक्षा मोठे गुरुजी घ्यायचे. ते मराठवाड्यातले, कडक, पण मनाने खोटे नव्हेत. त्यांनी वैशालीपुढे चार चित्रं ठेवली: उगवता सूर्य, डबा घेऊन निघालेला बाप, दिवा लावणारी आई, झोपलेला बाप. पुस्तकातला क्रमही हाच. वैशालीने आधी दिवा टांगला, मग डबा, मग सूर्य, आणि शेवटी झोपलेला बाप.

"कच्ची आहे ही," गुरुजी मला म्हणाले. "राहू द्या अजून एक वर्ष पहिलीत."

मी म्हटलं, "गुरुजी, तिला सांगू तर द्या."

वैशालीने बोट ठेवलं. "सांज व्हयनी, मायनी दिवा लावा. पप्पा डबा लिसन कामले ग्या. पछी दिन निंघना. मंग पप्पा ऊना आनि जपना."

"जपना म्हणजे?"

"झोपला, सर!" सगळा वर्ग ओरडला.

"अगं, सूर्य उगवल्यावर झोपतं का कुणी?"

तिने गुरुजींकडे असं पाहिलं, जणू त्यांनाच काही कळत नव्हतं. "रातले जपना तं लूम कोन चालाडई?"

"आमना पप्पा बी, सर!" मागून आवाज आले. एक म्हणाला, "मना पप्पा तं दिनभर घोरस!" वर्ग खदखदला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी त्या चार चित्रांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मी म्हणाले, "माझ्या घरचा दिवसही असाच होता, गुरुजी."

त्यांनी दुसरा संच मागवला: बी, अंकुर, रोप, फूल. वैशालीने चारही चित्रं एका दमात टांगली आणि चिमटे सारखे करून बाजूला झाली. तिथे कुणाची पाळी आडवी येत नव्हती.

"पास करा," गुरुजी म्हणाले. मग दारात थबकून, "आणि बाई, पुढल्या वर्षी त्या चित्रातल्या बापाला आधी पाळी विचारून घ्या!"

सूर्याबरोबर उठणारा माणूस आपला दिवस जगाचा दिवस मानून बसतो. किती सहज घडतं हे! आणि त्याच्या मापात न बसणाऱ्या लेकराला आपण कच्चं म्हणून मोकळे होतो. शिकवणाऱ्याने उत्तर तपासण्याआधी एकदा ते ऐकावं, एवढं मला त्या चार पुठ्ठ्यांनी शिकवलं.

निकालाच्या दिवशी वैशालीची आई आली. निकाल ऐकून म्हणाली, "जाऊ द्या मंग तिले. धागा कापाले मना दोन हात शेतस." जूनमध्ये वैशाली दुसरीच्या वर्गात बसली. दिवाळीच्या सुट्टीआधी तिने एक अख्खं पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, वर्गापुढे उभं राहून मोठ्याने वाचलं.