दसऱ्याचा कार्ब्युरेटर

आयर्लंडमधल्या नास या गावी आल्यावर मी एक गाडी घेतली. वयाने माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला अहो-जाहो करायचो. रूप असं की रस्त्याकडेच्या गायी चरायच्या थांबत. पण तिचा मूळ कार्ब्युरेटर! इंजिनाला बेताबेताने पेट्रोल पाजायचं एवढंच काम, आणि हा बाबा धबधबा सोडायचा. इंजिन गुदमरून बंद, आणि वासाने अर्ध्या काउंटीतल्या माशा झिंगलेल्या.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये बायकोने बजावलं, "दसऱ्याला चालू झाली तर ठेव. नाहीतर शेजारच्या आजोबांना विकून टाक, कधीचे मागतायत." ती हॉस्पिटलात डॉक्टर, मुदत दिली की दिली.

मी नवा कार्ब्युरेटर मागवला. दसऱ्याला सकाळी तिनेच तो पाटावर ठेवून पुजला. हळद-कुंकू, झेंडू, वर मूठभर अक्षता. मग मी तो बसवून किल्ली फिरवली. फुर्र... आणि पुन्हा धबधबा!

भिंतीपलीकडून आयरिश आजोबा म्हणाले, "ग्रँड! संध्याकाळी घेऊन जाऊ?"

"थांबा हो!" राग यायच्या ऐवजी मला भलतंच कुतूहल वाटायला लागलं. जुना म्हातारा होता, पण या कोऱ्या करकरीत पोराला तोच आजार कसा? खोलून बघितला. पेट्रोल आत येतं तिथे सुईसारखी झडप असते. आतलं भांडं भरलं की तिने मिटायचं. ती मिटतच नव्हती. चिमट्याने ओढलं तर काय निघावं? कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा!

आजोबा भिंतीवरून अर्धे आत आले. "हे काय?"

"आमच्याकडे नव्या पार्टाला आधी जेवू घालतात," मी गंभीरपणे सांगितलं.

"कच्चाच भात?" त्यांनी काळजीने विचारलं.

"डॉक्टरीणबाई," मी बायकोकडे वळलो, "पेशंटच्या घशात तांदूळ कोणी टाकला?"

"तू त्याच्या तोंडाला बोळा का नाही लावलास? माझ्यावर ढकलू नकोस!" पण हसू तिला आवरेना.

परत बसवला, आणि गाडी अशी गरजली की डब्लिनमधली कबुतरं उडाली असतील. आजोबांकडे वळून बायको म्हणाली, "सॉरी, विकायची नाही." पेशंट वाचल्याचं नातेवाइकांना सांगावं त्याच आवाजात. मग मला बाजूला सारून ती स्वतःच चाकामागे बसली. "लॉकडाउनच्या पाच किलोमीटरच्या हद्दीपर्यंत जाऊन येते."

मी आणि आजोबा दोन मीटर अंतर राखून रस्त्याकडे बघत राहिलो. आवाज ऐकू येईनासा झाला.

"परत देईल ना तुला?" त्यांनी विचारलं.