सिरियल नंबर आणि माझी सही

नोएडातल्या त्या ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो, आणि मला ती नको होती.

मी दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून चार्टर्ड बसने यायचे. वडील फौजेत, माझी शाळा इंग्रजी. ती पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली. आमची कंपनी लोकांच्या वेबसाइट आपल्या मशीनवर ठेवायची. कुणी साइटचं नाव टाइप केलं की ती साइट कुठल्या मशीनवर आहे, तो पत्ता आमचे दोन नेम सर्व्हर सांगायचे. हे सगळं मी जाड पुस्तकं वाचून शिकले होते. ती बघून बघून शिकली. तरी गालिचे निर्यात करणारे आमचे एक ग्राहक मला फोनवर म्हणायचे, "बेटा, दूसरी वाली मैडम को दो."

मी फोन द्यायचे आणि ऐकत बसायचे.

"अंकलजी, आपका घर बदल रहा है, नाम वही रहेगा. जो पूछेगा, उसको हम नया पता बता देंगे. बस."

तिकडून हसू ऐकू यायचं. याच गोष्टीवर मी त्यांना दोन पानांची ईमेल पाठवली होती. त्या ईमेलचं उत्तरही आलं नव्हतं.

दोन्ही सर्व्हरचा चार्ज आमच्यापैकी एकीला मिळणार, असं सरांनी सांगितलं होतं. मला तो हवा होता. इतका, की तिचं डबा उघडून सगळ्यांना हाका मारणंसुद्धा मला खुपायचं.

गालिचेवाल्यांची साइट नव्या मशीनवर न्यायचं काम तिच्याकडे आलं. आमच्याकडे पद्धत होती: एकीने सर्व्हरची फाईल बदलायची, दुसरीने ती वाचून रजिस्टरमध्ये सही करायची. सही झाली की दुसऱ्या दिवशी जुनं मशीन बंद.

तिने पत्ता बरोबर बदलला होता. पण फाईलमध्ये वर असलेला सिरियल नंबर तोच राहिला होता. दुसरा सर्व्हर पहिल्याची नक्कल करतो, पण आधी हा नंबर बघतो. नंबर वाढलेला नसला, तर काही बदललंच नाही असं धरून तो जुनाच पत्ता सांगत राहतो.

मला ते लगेच दिसलं.

"ठीक आहे ना गं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. गालिचेवाल्यांना साइट दिसत होती, त्यांच्या भावाला दिसत नव्हती; त्याला दुसरा सर्व्हर बंद केलेल्या मशीनचाच पत्ता देत होता. तिने फाईल उघडली, कपाळावर हात मारला. "अरे यार, सिरियल." नंबर वाढवला, दुसऱ्या सर्व्हरने नवी नक्कल उचलली, मग तिने स्वतः त्यांना फोन करून चूक सांगितली.

सरांनी रजिस्टर मागवलं. "चेक किसने किया?"

मी मनात वाक्य जुळवत होते. ती आधी बोलली. "सर, गलती मेरी है. मैंने ही इससे जल्दी करवाई."

तिने मला घाई केली नव्हती.

"गलती सबसे होती है," सर म्हणाले. "छुपाई तो नहीं." चार दिवसांनी दोन्ही सर्व्हरच्या पासवर्डचं बंद पाकीट त्यांनी तिच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी बस स्टॉपवर तिने विचारलं, "तुला दिसलं होतं ना?"

"नाही. राहून गेलं."

"अच्छा," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे बघत राहिली.

पुढे प्रत्येक फाईल सहीला देताना ती आधी नंबरवर बोट ठेवून मोठ्याने वाचायची. जुना, मग नवा. लहान मुलाला शिकवावं तसं. मी सही करायचे. मग रजिस्टर ठेवायला ती ड्रॉवर उघडायची, आणि कुलूप लागेपर्यंत मी आतल्या त्या पाकिटाकडे बघत राहायचे.