मी रंगवलेला फ्रेंच उस्ताद

मी एकदा एका फ्रेंच माणसाचं अख्खं आयुष्य माइकवरून खोटं सांगितलं. तो जाऊन तीनशे वर्षं होत आली होती, म्हणून निभावलं.

तेव्हा मी पासष्टीची, म्हणजे अगदीच पोरसवदा. परदेशात, श्रूजबरीला लेकाकडे राहायला आले आणि तिथल्या मराठी मंडळाची निवेदिका होऊन बसले. गळ्यात मोत्यांची माळ, तोंडात ‘रसिकहो’. रसिक बिचारे मसालेभाताच्या वासाकडे नाक करून बसलेले.

नात हायस्कूलात होती आणि हार्पसिकॉर्ड शिकत होती. पियानोचा खापरपणजोबाच म्हणा. पट्टी दाबली की आत तार छेडली जाते. घरी तिचं वाजवणं कुणी धड ऐकत नसे. मी तर नेमका तेव्हाच मिक्सर लावत असे. मंडळाच्या संक्रांतीला तिला वीस मिनिटं मिळाली, तिच्या बाईंनी आपलं वाद्य व्हॅनमधून पाठवलं. त्या वीस मिनिटांवर पोरीचा सगळा जीव.

गाडीत मी म्हटलं, “तुझ्या त्या संगीतकाराची माहिती दे गं.”

“नथिंग मच, आजी. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. एकच पुस्तक छापलं. त्यात छोटे छोटे डान्सेस आहेत. लास्ट पीस त्याच्या टीचरसाठी आहे, टीचर गेल्यावर लिहिलेला. मला तोच वाजवायचाय. बाकी कोणाला काही माहीत नाही.”

एवढ्यावर भागवायला मी काय आकाशवाणीवर बातम्या देत होते?

माइक हातात आला आणि मी बालपणीच त्याचं पितृछत्र हरपवलं. मग त्याला घरातून पळवलं, गुरूच्या दारात उपाशी उभं केलं, फ्रान्सच्या थंडीत पहाटे पाणी भरायला लावलं. गुरुपत्नीनं चोरून वाढलेली भाकरीसुद्धा खाऊ घातली. आमच्याकडच्या गवयांच्या चरित्रात जे जे असतं, ते सगळं त्याच्या अंगावर चढवलं. पुढच्या रांगेतल्या काकूंनी डोळे टिपले, तसा मला चेव आला. मी त्याला दरबारात नेऊन त्याचा अपमानही करवला. नात विंगेतून हात हलवत होती. मला वाटलं, पोर कौतुकानं हात करतेय.

अखेर ती बसली. दोन नाच वाजवले आणि अध्यक्ष घड्याळावर बोट ठेवत स्टेजवर आले. भजी गार होत होती. शेवटचा पीस कॅन्सल. गुरूसाठी रडणारा शिष्य मी इतका वेळ घोळवला, की त्याचं खरं रडणं ऐकायला वेळच उरला नाही. पण हे मला तेव्हा कळलं असतं तर आणखी काय हवं होतं!

जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ म्हणाले, “काकू, काय बोललात! नंतर ते थोडं वाजलं, तेही छान होतं हं.” मी मूर्ख, खूश. गुळपोळी दुसऱ्यांदा घेतली.

परतताना नात मागच्या सीटवर. मी मागे वळून म्हटलं, “बघितलंस? लोक रडले तुझ्या संगीतकारासाठी!”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आजी, त्याच्याबद्दल कोणालाच काही माहीत नाही, म्हणून लोकांना फक्त ऐकावं लागतं. दॅट वॉज द होल पॉइंट. घरी तू निदान कधीतरी मिक्सर बंद तरी करतेस.”