नदीपलीकडची किमची

आमच्या शेजारची मुलगी पुढच्या महिन्यात शिकायला फ्रँकफर्टला जाणार आहे. माझी लेक तिथेच नोकरी करते आणि मी तिच्याकडे दोनदा राहून आलो आहे, म्हणून परवा ती मुलगी आईला घेऊन चौकशीला आली. थंडी किती पडते, कोट इथून न्यावा की तिथेच घ्यावा, हे सगळं विचारून झाल्यावर तिने मनातला प्रश्न काढला.

“काका, तिथं कोरियन जेवण चांगलं कुठं मिळतं?”

तिच्या आईने कपाळाला हात लावला. “बघा भाऊजी. सोलापुरातनं जर्मनीला जायचं आन् जेवायचं कोरियाचं. त्या सिरियली बघून बघून डोस्कं फिरलंय हिचं.”

मी सांगितलं, की ट्रामने नदी ओलांडून पलीकडे जायचं. सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक अरुंद दार आहे. आत पाच-सहा टेबलं. दुपारी जावं, संध्याकाळी जागा मिळत नाही. काळ्या दगडी भांड्यात उकळत येणारा टोफूचा लाल रस्सा मागवावा. मुलीने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. त्या गेल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. एवढी सरळ माहिती मला देता आली याचंच नवल वाटत होतं.

ते दार माझ्या पत्नीने शोधलेलं. आम्ही दोघं पहिल्यांदा लेकीकडे गेलो तेव्हा ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, काळं तिखट असं बरंच सामान बरोबर नेलं होतं. पीठ लवकर संपलं. लेकीने हौसेने आम्हाला एका भारतीय हॉटेलात नेलं, तर तिथल्या डाळीवर साय तरंगत होती. पत्नीने दोन चमचे खाल्ले आणि हळूच मला म्हणाली, “आजाऱ्याला देत्यात तसलं हाय हे.” पुढचे काही दिवस ती पावाबरोबर चटणी खाऊन राहिली. तक्रार केली नाही, पण चेहरा उतरला होता.

एका दुपारी आम्ही तिघं नदीपलीकडे सहज फिरत होतो. सायकलच्या दुकानापाशी ती थबकली. नाक वर करून म्हणाली, “हितं कुणीतरी मिरची भाजतंय.” लेक म्हणाली, आई, ते कोरियन हॉटेल आहे, तुला चालणार नाही. तोवर ही आत गेली होती.

आम्ही काही मागवायच्या आतच टेबलावर छोट्या वाट्या आल्या. कोबी, मुळा, मोड आलेलं कडधान्य, कसला तरी पाला.

“अगं, आपण मागवलंच न्हाय की. दुसऱ्याचं हितं आणलंय बघ. सांग त्यास्नी.”

“आई, ते जेवणाबरोबर फुकट असतं.”

“फुकट? आन् संपलं तर?”

“परत देतात.”

“मंग ह्या बाईचं भागतं कसं?”

ती बाई म्हणजे तिथली मालकीण. वयाने माझ्या पत्नीएवढी, बारीक कापलेले केस, फुलाफुलांचा एप्रन. स्वयंपाकही तीच करायची. पत्नीने कोबी तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि निकाल दिला, “लोणचंच हाय हे. लसूण लई घातलाय, बरं केलंय.” वाटी तीनदा भरून घेतली. निघताना मालकिणीने प्लास्टिकच्या एका डब्यात ते कोबीचं लोणचं, म्हणजे किमची, भरून तिच्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत.

किमची दोन दिवसांत संपली. पत्नीने डबा घासला, पुसला, त्यात आपली शेंगाचटणी दाबून भरली आणि म्हणाली, चला, त्यांचा डबा देऊन येऊ.

लेकीला हसू आवरेना. “आई, तो डबा फेकायचा असतो गं. असे डबे ती रोज शंभर जणांना देते.”

“दुसऱ्याचा डबा फेकून द्यायचा?”

“हो.”

“आन् द्यायचा म्हटलं तर रिकामा द्यायचा? असं शिकवलंय का मी तुला?”

ट्रामने नदी ओलांडून आम्ही एक टाकाऊ डबा परत करायला गेलो. मला अतिशय संकोच वाटत होता. मालकीण डबा पाहून आधी गोंधळली, किमची आवडली नाही म्हणून परत आणली असं तिला वाटलं असावं. मग तिने झाकण काढलं, चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, आणि तिथेच उभ्या उभ्या दुसरी चिमूट घेतली. पत्नी चटणी उखळात कुटायची, शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत. मालकिणीने मुठीने कुटल्याची खूण करून भुवया उंचावल्या. पत्नी म्हणाली, “व्हय, उखळात.” लेकीला मध्ये काही बोलावंच लागलं नाही.

तेव्हापासून दर आठवड्याला तो डबा नदीच्या अल्याड-पल्याड जात-येत राहिला. कधी त्यात मुळा आला, कधी काकडी. आमच्याकडची चटणी संपत आल्यावर पत्नीने लेकीच्या मिक्सरला नावं ठेवत नवी केली आणि ती देताना मालकिणीला हाताने खुणावून सांगितलं, की ह्यावेळी तेवढी जमलेली नाही. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसायचो. त्या दोघी काउंटरपाशी आपापल्या भाषेत बोलत राहायच्या. आजही सुखाचे दिवस म्हटलं की मला आधी आमचं घर आठवत नाही, त्या परक्या शहरातला तो काउंटर आठवतो. आम्ही परतलो तेव्हा डबा लेकीकडेच राहिला.

माझी पत्नी गेल्या वर्षी गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी नव्हती. लेकीचा पासपोर्ट तेव्हा तिथे राहण्याच्या परवान्यासाठी सरकारी कचेरीत अडकला होता. तिला येता आलं नाही. तिने सगळं फोनवर पाहिलं.

आमच्याकडे त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. दुसऱ्या घरून पिठलं-भाकरी येते आणि जो आणतो तो समोर बसून खायला लावतो. त्याला कडू घास म्हणतात. शेजारच्या वहिनी, म्हणजे परवा आलेल्या मुलीची आई, ताट घेऊन माझ्यासमोर बसल्या. “भाऊजी, कसंबी गिळा. तुमी खाल्ल्याबिगर मी हितनं उठणार न्हाय.” मी गिळलं. तो घास घशाखाली उतरला तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. आणि त्याच वेळी मनात आलं, की पोरीसमोर कोण बसलं असेल? रात्री फोनवर विचारलं, “जेवलीस का?” ती म्हणाली, “हो अप्पा.” तिचा आवाज इतका नीट होता की मला भीती वाटली.

काही महिन्यांनी मी एकटाच तिच्याकडे गेलो. ती ओट्स आणि पाव खाऊन जगत होती. घरात तिखटाचा वास नव्हता. माझं पेन्शन, माझे गुडघे, सोलापूरचं पाणी, सगळ्यावर बोलायची. आईचा विषय आला की उठून खिडकी लावायची, उघडायची. ती वाळली होती. मला स्वयंपाक येत नाही. आला असता तरी उपयोग नव्हता, घास दुसऱ्या घरचाच लागतो.

मी म्हणालो, “त्या कोरियन बाईंकडे जाऊ या.”

“तिथं नको. स्टेशनजवळ नवीन झालंय, तिथं जाऊ.”

स्टेशनजवळच्या हॉटेलात टेबलातच शेगडी होती आणि गाणी मोठ्याने लावली होती. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाजवळच्या दुसऱ्या हॉटेलात गेलो. दोन्हीकडचं जेवण चांगलंच होतं. दोन्हीकडे तिने भात इकडून तिकडे सारला आणि ठेवून दिला.

परतताना मी विचारलं, “त्या बाईंच्या हाताची चव गेली का?”

“नाही.” बरंच चालल्यावर ती म्हणाली, “ती विचारणार, अप्पा. आई कुठंय म्हणून. मला ते जर्मनमध्ये सांगावं लागेल.”

“मग?”

“मी अजून मराठीतसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.”

ऑफिसात तिने घरी अडचण आहे एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून तो डबा काढला, सोलापुरातून विकत आणलेली चटणी त्यात भरली आणि टेबलावर ठेवला. लेकीने डब्याकडे पाहिलं. मग कोट चढवला.

दुपारची वेळ होती, आम्ही एका टेबलाशी बसलो. मालकिणीने आम्हाला ओळखलं, दोन्ही हातांनी डबा घेतला, झाकण काढून चिमूट जिभेवर ठेवली. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, आमच्या पाठीमागे दाराकडे पाहिलं. मग लेकीला एक लहानसा प्रश्न विचारला.

लेकीने टेबलाची कड घट्ट धरली होती. मला त्या भाषेतलं आभार मानण्यापुरतंच येत होतं, मदत करणं शक्य नव्हतं. शेवटी ती बोलली. तीन-चार शब्दांचं वाक्य होतं. पोटच्या पोरीच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं, तेही न कळणाऱ्या भाषेत.

मालकीण वळली. आत गेली. भाताची वाटी, रस्सा आणि किमची घेऊन बाहेर आली, खुर्ची ओढून लेकीच्या समोर बसली. चमचा तिच्या हातात दिला. लेकीने थोडासा भात घेतला, तशी मालकिणीने आपल्या जेवणाच्या काड्यांनी किमचीचा तुकडा उचलून त्या भातावर ठेवला आणि वाट पाहू लागली. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी हात केला. तिने मान वळवली नाही.

लेकीने घास खाल्ला. मालकिणीने पुढच्या चमच्यावर तुकडा ठेवला. तिसऱ्या-चौथ्या घासाला लेकीचे खांदे हलू लागले. ती रडत होती आणि खात होती, नाक पुसत होती आणि खात होती. वाटी संपली तेव्हा दुसरी आली.

मग लेक बोलायला लागली. खूप वेळ बोलली. मधूनच सोलापूर, भाकरी असे शब्द कानावर पडत होते, बाकी मला काही समजत नव्हतं. माझ्यापुढे ठेवलेला रस्सा निवला होता, तो मी हळूहळू खात होतो. लेक दोन तळवे हवेत धरून भाकरी थापून दाखवत होती. मालकिणीने आपले तळवे पुढे केले आणि टाळ्या वाजवल्यासारखं काहीतरी केलं.

“असं नव्हे हो,” लेक तिला चक्क मराठीत म्हणाली, हसली, आणि तिचे हात धरून पुन्हा दाखवू लागली.